यॉर्कशायरच्या बाजारगावात जावयाचं वाण

दोन ड्रम भरून झाले होते, तिसऱ्यात पाइप सोडला होता आणि मी जिन्याखाली बसून हंडे घासत होते. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीला पाणी आठवड्यातून एकदा येतं. त्या सकाळी दाराशी कुणीही आलं तरी उठायचं नसतं. पूर्वी पाइप धरायचं काम ह्यांचं होतं. ते गेल्यापासून मी पाइप ड्रमच्या कडेला सुतळीनं बांधते. तेवढ्यात वैशूचा, म्हणजे माझ्या मुलीचा, इंग्लंडहून फोन आला. तिच्याकडं तेव्हा पहाट असणार.

"आई, तू इकडं ये. धोंड्याच्या महिन्यात."

"मागच्या वर्षी मीच येते म्हणाले, तर पुढं बघू म्हणालीस. आता एकदम काय झालं?"

"काय व्हायचंय? ये म्हणलं तरी तुला शंका!"

तिसरा ड्रम वाहून गेला. मी हो म्हणाले. पण शंका गेली नाही.

त्याला कारण होतं. आमच्या गल्लीत एका बिल्डरचा माणूस दोनदा येऊन गेला होता. आमचं घर खाली दोन खोल्या, वर दोन. हे चिकलठाण्याला कंपनीत फिटर होते. एकेक खोली करत त्यांनी ते बांधलं. दुसऱ्या खेपेला तो माणूस म्हणाला, "काकू, मुलीचा नंबर द्या ना, परदेशात असतात त्या." मी दिला नाही. पण नंबर काढणं आजकाल काय अवघड आहे? आणि लगेच मुलीचं बोलावणं. मी दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या आणि तशाच मनात घेऊन निघाले.

ज्यांची मुलं तिकडं आहेत आणि जे जायचा विचार करतायत, त्यांच्यासाठी थोडं कामाचं. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला मला पुण्याला जावं लागलं. चिकलठाण्याच्या विमानतळावरून मुंबई, तिथून आखातात विमान बदलून मँचेस्टर. व्हीलचेअर मागा, मागायला लाजू नका. चालता येत असलं तरी रांगा चुकतात. सामानात दुधाचं काही नेऊ नका. मी जावयासाठी अनारसे नेले ते मुद्दाम तेलात तळून. कुणी डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही.

अनारशांचं सांगते. दर तीन वर्षांनी येणाऱ्या अधिक महिन्याला आम्ही धोंड्याचा महिना म्हणतो. त्या महिन्यात जावयाला नारायण समजून जेवायला घालायचं, तेहेतीस अनारसे ताटात ठेवून वाण द्यायचं आणि सासूनं त्याच्या पाया पडायचं. मागच्या धोंड्याला ते आमच्या दोघांच्या हातून दिलं होतं. या वेळी मी पीठ भिजवत होते तेव्हा शेजारच्या काकू दारातून म्हणाल्या, "एकटीनं वाण देत असतेत व्हय?" मी म्हणाले, "मी देणारे." त्या गेल्या, पण त्यांचं वाक्य माझ्याबरोबर विमानात बसलं.

गावाचं नाव टाकू नको, असं वैशूनं बजावलंय आणि आमची नावंही मी बदललीत. एवढंच सांगते की ते यॉर्कशायरमधलं बाजारगाव आहे, मँचेस्टरहून मोटारीनं दीड-दोन तास. मला घ्यायला जावई, नितीनराव, आले. आमच्याकडं जावई सासूला मामी म्हणतात.

"मामी, थंडी वाजतीय का?"

"नाय. आज मंगळवार ना? सुट्टी काढली का?"

"काढली," एवढंच म्हणाले आणि त्यांनी गाडीतला हीटर वाढवला.

दुसऱ्या दिवशी बुधवार. नितीनराव घरीच. त्या दिवशी चौकात बाजार भरतो, तो दाखवायला निघाले. चौकाच्या मधोमध एक दगडी खांब आहे, कित्येक शतकांपासून त्याच्याभोवती बाजार भरतो म्हणे. मी मूळची लासूर स्टेशन गावची. आमच्या बाजारात कांद्याची गाडी आली की आधी आवाज येतो आणि मग कांदा दिसतो. इथं कुणी ओरडत नाही. चीज, रोपं, जुनी पुस्तकं, लोकरीचे मोजे. भाव पाटीवर लिहिलेला. मी एका मोज्याच्या जोडीला कमी सांगितलं तर बाई हसली आणि भाव तोच राहिला. घासाघीस नसलेल्या बाजारात फसवलं गेलो की नाही, हे कळायला मार्गच नसतो.

मग किल्ला. तिकीट घरूनच फोनवर काढलं तर थोडं स्वस्त पडतं. दोन बुरूज आणि एक भिंत उरलीय, मधे मऊ हिरवळ. मी विचारलं, "शत्रूला फसवायची जागा कुठंय?" नितीनरावांना कळेना. म्हटलं, "आपल्या दौलताबादला अंधारी वाट आहे, शत्रू आत शिरला की चुकतो. इथं काय होतं?" ते म्हणाले, "इथं खंदक आणि दरवाजा." तेवढ्यावर किल्ला राखायचा म्हणजे कमालच. माझी नात ईरा, सहा वर्षांची, हिरवळीवरून गडगडत खाली गेली. मी तिचे कपडे झटकत होते तेव्हा बुरुजाआडून वैशूचा आवाज आला.

"घराचं आईला तुम्हीच विचारा. मला नाय जमणार."

"आत्ताच नको. जरा फिरू दे त्यांना."

मी ईराच्या पाठीवरचं गवत काढत राहिले. एकही काडी राहू दिली नाही.

त्यानंतर मी प्रत्येक सहल वेगळ्या नजरेनं पाहायला लागले. मुलगी पाहायला आलेल्या पाहुण्यांना नुसता गोड मुरांबा वाढत राहावं, तसं चाललं होतं. हे बघा, ते बघा, इथली हवा बघा. माणसाला इथंच राहावंसं वाटावं आणि मग म्हणावं, तिकडचं घर ठेवून काय करणार? गुरुवारी कालव्यातली बोट. शुक्रवारी पन्नास प्रकारचे गुलाब असलेली बाग. आणि नितीनराव सगळ्या दिवशी मोकळे! कुठली कंपनी सासूसाठी इतक्या सुट्ट्या देते? मी विचारलं की ते गाडीतलं काहीतरी बंद किंवा सुरू करायचे.

बागेहून येताना रस्त्याकडेला एक लाकडी खोकं दिसलं. आत अंडी आणि शेजारी पैसे टाकायचा डबा. माणूस नाही.

"पैसे कोण घेतं?"

"कुणी नाही, मामी. आपण टाकायचे."

"आणि नाही टाकले तर?"

"टाकतात लोक."

मी गाडीतून उतरले आणि समोरच्या दगडी कठड्यावर बसले. झाडावर कॅमेरा शोधला, घराच्या खिडकीत पडदा हलतो का ते पाहिलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग एक बाई कुत्रा घेऊन आली, अंडी घेतली, नाणी टाकली आणि मला म्हणाली, छान दिवस आहे. वैशू गाडीतून ओरडली, "झाली का चौकशी? पोलिसात होतीस का मागच्या जन्मी?" मी म्हणाले, "ती ओळखीची असेल त्यांच्या." नितीनराव त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं हसले.

शनिवारी कोळशाच्या इंजिनाची गाडी. ही चुकवू नका. दिवसभराचं एकच तिकीट मिळतं. महाग आहे, पण कितीदाही चढा-उतरा. गाडी दोन-चार स्टेशनं जाते आणि परत येते, कुठं पोचवत नाही. चालवणारे सगळे निवृत्त म्हातारे, बिनपगारी. मी आधी विश्वास ठेवला नाही. पण एकानं मला इंजिनाजवळ नेऊन तेल घालायच्या जागा दाखवल्या, एकेका जागेला बोट लावून, तेव्हा पटलं. असं बोट लावून हे मला घरची पाण्याची मोटार समजावून सांगायचे, मला कळत नाही हे माहीत असून. मी त्या माणसाला सगळं कळल्यासारखी मान हलवली. डब्यात येऊन बसले तेव्हा वैशूनं रुमाल पुढं केला. धूर डोळ्यांत गेला म्हणून नव्हे, हे तिला माहीत होतं.

महिना संपत आला होता. वाण द्यायचं राहिलं होतं. वैशू म्हणाली, "सोमवारी आपण त्या पडक्या मठात जातोय, तिथंच देऊ. डबा तिथंच खाऊ." हा मठ गावापासून अर्ध्या तासावर, नदीच्या वळणावर आहे. बसही जाते, पण परतीची वेळ आधी पाहून ठेवा, संध्याकाळी बस लवकर बंद होते. जाताना शाल घ्या. एका राजानं सगळे मठ मोडायला लावले आणि छपराचं शिसंसुद्धा काढून नेलं, असं पाटीवर होतं. इंग्रजी मी सावकाश वाचते, पण वाचते. उंच कमानी उभ्या आहेत आणि वर नुसतं आभाळ. आपल्या वेरूळला डोंगर कोरला, छप्पर चोरायची सोयच ठेवली नाही.

सकाळी उठून मी पुरणाचे धोंडे केले होते. हिरवळीवर चादर अंथरली, ताटात अनारसे रचले. उघड्यावर जाळ करायचा नाही अशी पाटी होती, म्हणून निरांजनात नुसती वात ठेवली. शेजारच्या बाकावर एक म्हातारं जोडपं सँडविच खात होतं. वाढदिवस आहे का, असं त्यांनी ईराला विचारलं. ईरानं त्यांना सगळं सांगितलं : आजी माझ्या बाबाला देव समजून मिठाई देणार आणि पाया पडणार. म्हातारा काहीतरी बोलला आणि वैशूला ठसका लागला.

"काय म्हणला गं?"

"म्हणतो, माझ्या सासूनं मला उभ्या आयुष्यात बिस्किटसुद्धा दिलं नाही."

नितीनराव मात्र हसले नाहीत. मी ताट उचललं आणि त्यांच्यासमोर धरलं. ते एक पाऊल मागं सरले.

"मामी, मला हे घेता यायचं नाय."

माझे हात ताटासकट तिथंच राहिले. शेजारच्या काकूंचं वाक्य मुकुंदवाडीहून तिथवर आलं होतं.

"का? एकटीच्या हातचं आहे म्हणून? तसं असंल तर स्पष्ट सांगा."

"अहो मामी!" त्यांचा चेहराच उतरला. "तुमच्या मनात हे आलंच कसं?"

"मग काय म्हणायचं मी?"

"मी तुमच्याशी पहिल्या दिवसापासून खोटं बोलतोय. असं असताना देव म्हणून पाया पडून घेऊ का तुमच्याकडनं?"

आणि मग सांगितलं. नोकरी गेलीय. कागदावर अजून थोडे दिवस कंपनीत आहेत, पण कामावर येऊ नका म्हणून कळवलंय. इथं राहायची परवानगी नोकरीला बांधलेली. ठरल्या मुदतीत दुसरी मिळाली तर राहायचं, नाही तर सामान बांधायचं. रोज संध्याकाळी अर्ज करतात.

"अशात मला कशाला बोलावलं?" मी विचारलं.

वैशू म्हणाली, "पुढं बघू, पुढं बघू करता करता बाबांना दाखवायचं राहिलं. तुझंबी राहिलं असतं."

"आणि घराचं काय विचारायचं होतं? किल्ल्यावर ऐकलं मी."

दोघं एकमेकांकडं पाहायला लागले. मग नितीनराव म्हणाले, "वरच्या दोन खोल्यांत राहू का आम्ही? बीडला आमच्याकडं जागा नाय. भावाचं आधीच दाटीनं चाललंय. पण घरजावई होऊन राहायचं, म्हणजे..."

"मला वाटलं, घर विकायला सांगणार तुम्ही."

इथं वैशू भडकली. "आई! बाबांचं घर? एवढे दिवस हे धरून आमच्यासंगं फिरलीस तू? गुलाब बघितलेस, बोटीत बसलीस, अन् मनात हे?"

"फोनवर लपवलं कोणी? तू का मी?" मी म्हणाले.

म्हातारं जोडपं सँडविच खायचं थांबलं होतं. ईरा अनारशांकडं पाहत होती. मी ताट परत वर उचललं.

"नितीनराव, हात पुढं करा. मघापासून ताटकळलेय. आता खोटं राहिलं नाय ना काही?"

"नाय, मामी."

"मग घ्या."

त्यांनी घेतलं. मी पाया पडले. आधी त्यांच्या पायांत बूट होते आणि ते घाईघाईनं काढताना एक मोजा निघून गवतात पडला, तेव्हा वैशू रागात असूनही हसली. दोन अनारसे बाकावरच्या जोडप्याला दिले. वैशूनं माझ्याशी नीट बोलायला बुधवार उजाडला.

घर त्यांचंच आहे, हे मी त्यांना सोमवारी रात्रीच जेवताना सांगितलं. परत परत विचारू नका, असंही सांगितलं.

ठरलेल्या दिवशी मी परत आले. नितीनरावांची एक मुलाखत झाली होती, उत्तर यायचं होतं. चिकलठाण्याला उतरले तेव्हा ऊन असं की चपलेखालचा रस्ता मऊ लागला. घर उघडलं, खिडक्या उघडल्या, सगळीकडं धूळ. बॅगेतून मोजे निघाले, रेल्वेचं तिकीट निघालं. त्या प्रवासातलं काय राहिलं, म्हणाल तर ते तेल घालणारे म्हातारे आणि छप्पर नसलेल्या कमानी. अंड्याच्या त्या खोक्यावर माझा अजून पूर्ण विश्वास नाही. आणि ते दोघं मला आता सगळं सांगतात, यावरही नाही. वैशूचा आवाज फोनवर जरा जास्तच आनंदी असतो. हे लिहिलेलं मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, "टाक. पण ते शेवटचं काय केलंस ते मला आधी का नाय सांगितलंस?"

शेवटचं म्हणजे एवढंच : आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून जवळच्या शाळेत गेले आणि दुसरीच्या वर्गात एका मुलीला जागा होईल का, ते विचारून आले.