पुठ्ठ्याची पाचर

माझ्या मावशीला तिच्याच घराच्या दाराने ओळखायला नकार दिला, असं मी सांगितलं की लोक आधी हसतात. मीही आधी हसलेच होते. पण त्या सकाळी जे झालं ते आठवलं की अजून संताप येतो.

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. ती सगळी हयात पुस्तकं बांधण्याच्या कारखान्यात राबली. छापखान्यातून चादरीएवढाले कागद यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, घडी दाबून बसवायची, गठ्ठे जुळवायचे, शिवायचे, वर पुठ्ठा चढवायचा. घडी दाबायला लाकडी पट्टी मिळायची, पण मावशी ती कमरेला खोचून ठेवायची आणि अंगठ्यानेच दाब द्यायची. म्हणायची, "पट्टीला काय कळतंय घडी बसली की नाही ते? बोटाला कळतं." तिच्या यजमानांना, म्हणजे आमच्या काकांना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली, तेव्हा तिने कारखाना सोडला. तेव्हापासून काका खिडकीजवळच्या पलंगावर आणि मावशी त्यांच्या भोवती. मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते, त्यामुळे दिवसातून एकदा तरी माझी वर चक्कर असतेच.

त्यांचं जुनं दार लाकडी होतं. आतून कडी, आणि कडीला बांधलेली सुतळी दाराच्या भोकातून बाहेर आलेली. सुतळी ओढली की कडी उचलली जायची. मी ओढायचे, शेजारी ओढायचे, एकदा तर मांजराने ओढली होती असं काका शपथेवर सांगायचे. चोराला चोरावं असं घरात काही नव्हतं.

मग आमच्या दादाला नोकरीत बढती मिळाली.

दादा म्हणजे मावशीचा एकुलता एक मुलगा. मनाने लाख माणूस, पण लांबच्या शहरात, आणि कामात गळ्यापर्यंत बुडालेला. यायला जमत नाही म्हणून तो वस्तू पाठवायचा. पहिल्यांदा दिवा आला. जुन्या दिव्याला बटण होतं, खट्‌ केलं की उजेड. हा नवा दिवा फोनवरून लागायचा आणि फोन सापडायला आधी दिवा लागायचा. मग बटण नसलेला पंखा आला, ज्याचा रिमोट गादीखाली गेला की काका कुडकुडत बसायचे. मग काकांसाठी पाण्याची बाटली आली. पाणी प्यायला उशीर झाला की ती निळी व्हायची आणि घुंई घुंई करायची. हातात घेतली तर वरवंट्यासारखी जड. लुळ्या माणसाने ती तोंडाला लावायची कशी, हा प्रश्न ती बनवणाऱ्याला पडला नसावा. काका आपले स्टीलच्या पेल्यातूनच प्यायचे आणि बाटली उशाशी बोंबलत पडायची.

मग आलं ते फरशी झाडणारं यंत्र. पाटाएवढं गोल चपटं धूड, आपलं आपण घरभर फिरणार. पहिल्याच दिवशी त्याने काकांची चप्पल गिळली आणि पलंगाखाली जाऊन अडकून बसलं. मावशीने चप्पल सोडवली, त्याला तिथेच चार्जिंगला लावलं आणि राहू दिलं. "असू दे बापडं. कोपऱ्यात गप पडलंय, कुणाच्या अध्यात ना मध्यात."

मला राग यायचा. मी म्हणायचे, "अगं मावशी, सांग ना त्याला, काही नको म्हणून." ती म्हणायची, "तो पाठवतो त्यात त्याचा जीव असतो गं. नको म्हटलं तर फोन तरी कशाच्या निमित्ताने करेल?"

आणि मग आलं दार. नुसतं कुलूप नाही, दारासकट कुलूप. जाड पोलादी दार, आपोआप मिटणारं, आणि त्यावर काळी चकचकीत पट्टी. पट्टीवर बोट टेकवायचं, की आतली गोड आवाजाची बाई "स्वागत आहे" म्हणणार आणि दार उघडणार. किल्ली बाळगायला नको, की हरवायची भीती नको. मिस्तरी आला, त्याने लाकडी दार उखडलं, सुतळीसकट खाली नेलं. मावशी कठड्याशी उभी राहून बघत होती.

मग बोटांची नोंदणी. मावशीने अंगठा टेकवला. बाई म्हणाली, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा." तर्जनी लावली. ओळख पटली नाही. हात साबणाने धुऊन लावला, तेल लावून लावला, फुंकर मारून लावला. दहाही बोटं झाली. बाई तेवढ्याच गोड आवाजात दहाही वेळा नाही म्हणाली. मिस्तरीने मावशीचा हात हातात घेतला, उलटा सुलटा केला आणि तोंडात बोट घातलं. "आजी, तुमच्या बोटांना रेषाच नाहीत की हो! पार गुळगुळीत!"

मी पाहिलं. खरंच, वापरून वापरून झिजलेल्या साबणाच्या वडीसारखी बोटं. कागदाने एकेक रेघ पुसून नेली होती. मला धक्काच बसला. माणसाच्या हातावरची खूण अशी जाऊ शकते, हे मला माहीतच नव्हतं.

मिस्तरी म्हणाला, निदान एक तरी बोट नोंदवायलाच हवं, त्याशिवाय यंत्र चालूच होणार नाही. मी म्हटलं, "माझं घ्या." तर मावशी पटकन म्हणाली, "नको, नको. दादाला तिकडे फोनवर दिसतं घरातलं बोट की परकं ते. घरातलंच माणूस पाहिजे." आणि तिने काय करावं? काकांना चाकाच्या खुर्चीत बसवून दारात आणलं आणि त्यांचा लुळा उजवा अंगठा उचलून पट्टीवर टेकवला. इतकी वर्षं मांडीवर नुसता पडून असलेला तो हात, रेघ न्‌ रेघ शाबूत. बाई पहिल्याच झटक्यात म्हणाली, "स्वागत आहे!"

म्हणजे बघा, दार बाहेरून उघडणार कुणाच्या बोटाने, तर जो माणूस कधी बाहेर जाऊच शकत नाही त्याच्या. मी कपाळावर हात मारून घेतला. आकड्यांचा एक गुप्त क्रमांक होता, तो दादाच्या फोनमध्ये. अडीअडचणीची एक किल्ली होती, ती मावशीने नीट जपून कपाटात ठेवली. घराच्या आत.

"दादाला खरं सांग," मी म्हटलं.

"वेडी आहेस का? इतक्या हौसेने पाठवलंय त्याने. आईला ओळखत नाही म्हणून सांगू?"

त्यावर तिने स्वतःचा उपाय काढला. जुन्या पुठ्ठ्याचे तुकडे एकावर एक चिकटवून तिने छानशी पाचर केली, वर पुस्तकबांधणीचं उरलेलं लाल कापडसुद्धा चढवलं. ती दारात सारायची, म्हणजे दार मिटतच नसे. झालं. इमारतीतलं सगळ्यात महागडं, सगळ्यात भक्कम दार त्या दिवसापासून अहोरात्र सताड उघडं. दादा फोनवर विचारायचा, "काय आई, दार कसं चाललंय?" ती म्हणायची, "अरे, काही त्रासच नाही!" आणि मी शेजारी बसून हसू दाबायचे.

त्या सकाळी दादाचा फोन आला. मी तिथेच चहा पीत होते. "आई, आज तू झाडू हातात घ्यायचा नाहीस. मी इथून बटण दाबतो, यंत्र सगळं घर झाडेल. मग माझी मोठी मीटिंग आहे, फोन बंद असेल." मावशीचा चेहरा असा काही उजळला, की मी तोंडातली कुचकी वाक्यं गिळली. मी खाली आले. तिने गॅसवर दूध ठेवलं आणि पायपुसणं झटकायला जिन्यात आली.

तेवढ्यात पलंगाखाली ते धूड जागं झालं. हे मला नंतर काकांनी सांगितलं. घुर्र करत बाहेर आलं, भिंतीला धडकलं, वळलं, थेट दाराकडे गेलं आणि पाचरीला ढुशी देऊन तिला बाहेर ढकललं. पोलादी दार शांतपणे मिटलं.

मला ऐकू आली ती मावशीची हाक. अशी हाक मी तिच्या तोंडून कधीच ऐकली नव्हती. मी दोन दोन पायऱ्या चढत वर गेले. मावशी दोन्ही हातांची बोटं पट्टीवर दाबत होती, एकामागून एक, आणि ती बाई बोलत होती, "ओळख पटली नाही. कृपया पुन्हा प्रयत्न करा."

"दूध आहे गं गॅसवर," मावशी म्हणाली. "ते एकटे आहेत."

आतून करपल्याचा वास आला. मग तो थांबला आणि दुसराच वास आला. दूध उतू जाऊन ज्योत विझली होती आणि गॅस तसाच सुटला होता. मी दादाला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

समोर एक वेल्डर राहतो. त्याला सगळे ठिणगी म्हणतात. तो आपलं लोखंड कापायचं हत्यार घेऊन धावत आला आणि दारापाशी येताच त्याच्याही नाकात वास गेला. इतका दांडगा माणूस, पण पांढराफटक पडला. "ताई, हे इथे पेटवलं तर सगळेच जाऊ." त्याने हत्यार खाली ठेवलं आणि पहार आणली. घाव घातले, खांदा लावला. ते दार तसूभर हललं नाही. किती मजबूत दार, किती पारखून घेतलेलं!

"बेल वाजवू नका कुणी!" जिन्यात जमलेल्या शेजाऱ्यांवर ठिणगी ओरडला.

मावशी दाराला तोंड लावून काकांना हाका मारत होती. "ऐकताय का? मी इथेच आहे. मी दारातच आहे." आतून उत्तर नाही. फक्त ते यंत्र घुर्र घुर्र करत झाडत होतं आणि आतल्या बाजूने दाराला धडकत होतं. मग एकाएकी काच फुटल्याचा मोठा आवाज झाला. मावशी मटकन खाली बसली. मला वाटलं संपलं. काका पडले.

मी पुन्हा फोन लावला आणि या वेळी घंटी गेली. दादा कुजबुजत म्हणाला, "मी मीटिंगमध्ये आहे, फोन आत्ताच चालू केलाय, नंतर..."

"दार उघड!" मी किंचाळले. "तुझ्या आईचं दार उघड! आत्ता!"

त्याने फोनवर काहीतरी केलं. तिकडे, इतक्या लांब, त्याच्या अंगठ्याखाली. आणि इथे टिक्‌ झालं आणि ती बाई गोड आवाजात म्हणाली, "स्वागत आहे."

ठिणगीने नाकावर हात धरून धाव घेतली आणि गॅस बंद केला. मावशी काकांकडे. काका पलंगावरच होते, आणि खिडकीची काच फुटून वारा आत येत होता. त्यांना उठता येईना, खोकल्याने ओरडता येईना, म्हणून डाव्या हाताने उशाशी जे लागलं ते काचेवर भिरकावलं होतं. ती जड बाटली. खाली रस्त्यावर पडून अजून निळी होत होती, घुंई घुंई करत होती. त्या बाटलीने आयुष्यात एकच कामाची गोष्ट केली. माझा जीव भांड्यात पडला आणि मी भिंतीला टेकून रडले.

फोन अजून चालूच होता. दादा ओरडत होता, "आई बाहेर कशी राहिली? तिने बोट का नाही लावलं?" मावशी मला डोळ्यांनी खुणावत होती, नको, नको. पण माझा ताबा सुटला होता. मी म्हटलं, "तुझं कुलूप तुझ्या आईला ओळखत नाही! पहिल्या दिवसापासून! तुला वाईट वाटेल म्हणून ती बोलली नाही!"

त्याने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. कुणाला न कळवता, बॅगसुद्धा न घेता. दार उघडंच होतं, पाचर होती जागेवर. काकांच्या पायाशी जरा वेळ बसला. मग आईला म्हणाला, "हात दाखव."

"काही नाही रे त्यात," म्हणत ती हात मागे घेत होती. त्याने तो ओढून घेतला आणि फुटक्या खिडकीच्या उजेडात धरला. एकेक बोट वळवून पाहिलं. अंगठ्यावरून स्वतःचा अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. शिकलेला, मोठ्या हुद्द्यावरचा माणूस, पण लहान मुलासारखा आ वासून बघत राहिला.

"आई, इथे काहीच नाहीये."

मावशीला त्याच्यापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "अरे, तू शाळेत होतास तेव्हापासून नाहीत. तुला माहीत नव्हतं?"