बाळंतिणीचं पाणी

माझ्या शब्दाला आमच्या गावात वजन आहे आणि मला ते आवडतं, हे आधीच कबूल करते. परंडा तालुक्यातल्या या गावात मी बारा वर्षं आशाताई आहे. गरोदर बायकांची विचारपूस, गोळ्या, लेकरांना लसीला ओढून नेणं, ही माझी कामं. ‘पाणी उकळून प्या’ हे तर मी झोपेतही म्हणेन.

त्या उन्हाळ्यात तलाव तळाला गेला आणि उरलेल्या पाण्यावर हिरव्या शेवाळाचा तवंग आला, कालवलेल्या रंगासारखा दाट. गावाची विहीर तलावाच्या पोटातच, त्यामुळे नळालाही हिरवट, कुबट पाणी यायला लागलं. एका सकाळी मेंढरं राखणाऱ्या आबांची तीन मेंढरं तलावाचं पाणी पिऊन काठावरच दगावली. आबा थेट माझ्या दारात आले. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळ नऊ दिवसांचं.

“ताई, ह्ये पाणी लेकीला द्यावं का न्हाय? मला लई भ्या वाटतंय. रानातल्या बोअरचं आणू का?”

बोअर दोन कोसांवर. मला त्यांचा रागच आला. “आबा, मेंढरं कच्चं पाणी पितात. तुम्ही खळाखळा उकळून द्या. काही होत नाही.”

तालुक्याला फोन करून विचारावं, असं मनात आलं होतं. पण एवढ्यातेवढ्यासाठी फोन करायचा म्हणजे मला कमीपणा वाटला.

तिसऱ्या दिवशी तालुक्याहून पाणी तपासायला माणसं आली. त्यांनी आधी नळ बंद केला. त्यांच्यातली एक बाई बाटल्या भरता भरता मला म्हणाली, “या शेवाळात विष असू शकतं. उकळून ते जात नाही. पाणी आटतं, विष तेवढंच राहतं. गावाला सांगा, उकळूनसुद्धा पिऊ नका.”

आमच्याकडे बाळंतिणीला साधं पाणी देत नाहीत. ओवा, बाळंतशेपा घालून पातेलंभर पाणी निम्मं होईपर्यंत आटवतात आणि दिवसभर तेच पाजतात. त्यात मी आणखी उकळा म्हणून सांगून आले होते.

मी पळत सुटले. वाटेत दोघींनी हाक मारली, मी थांबले नाही. आबांच्या घरात शिरले तर चुलीवर पातेलं, तळाला जेमतेम दोन पेले पाणी. लेक भिंतीला टेकून घमेल्यात ओकत होती. डोळे खोल गेलेले.

“पहाटेपासनं असंच चाललंय,” तिची आई म्हणाली. “वारं लागलं असंल म्हणून शेकतीया.”

मी पातेलं तसंच उचलून अंगणात ओतलं. बोटं भाजली. मग झोळीतल्या बाळाच्या पोटावर हात ठेवला. ते श्वास घेत होतं. जीपमध्ये परंड्यापर्यंत मी तो हात काढला नाही.

सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं दिलं? मी तोंड उघडायच्या आत लेकीची आई म्हणाली, “पाण्याची काळजीच नगा करू. कच्चा घोट दिला न्हाय. ताई म्हणल्यापासनं निम्म्याच्या जागी पाव करून देतीया.” हे तिनं अभिमानानं सांगितलं. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. आबा भिंतीकडे.

“मीच सांगितलं होतं,” मी म्हणाले.

चार दिवस सलाईन चालली. पोरगी वाचली, बाळाला काही झालं नाही. ती घरी आली त्या दिवशी मी गेले. माफी कशी मागायची, हे मला येत नाही; नुसतीच दारात उभी राहिले. आईनं मला बसायला पाट दिला आणि नुकतीच भरून आणलेली घागर पुढं सरकवली.

“ह्ये टँकरचं हाय, ताई. आटवू का तसंच देऊ? तुमी म्हणाल तसं.”

“मला माहीत नाही,” मी म्हणाले, आणि तिच्यासमोरच तालुक्याला फोन लावला.