काठ्या संपल्या, रेघ नाही संपली

त्या दिवशी मुळशीतल्या आमच्या वाडीवर सरकारी मोजणी आली... म्हणजे आली असं अख्ख्या वाडीला वाटलं! आणि त्याला कारण मी. मी आणि माझी भूमिती.

एकोणीसशे साठच्या आसपासची गोष्ट. नुकतीच ट्रेनिंग संपवून मी पुण्याहून इथल्या शाळेत आले होते. एक खोली, एक फळा, सगळ्या इयत्तांची पोरं एकत्र आणि शिकवणारी मी एकटी... उत्साह मात्र चार मास्तरांचा!

सकाळी फळ्यावर एक बिंदू काढला आणि पुस्तकातलं सांगितलं, की बिंदूला लांबी नसते, रुंदी नसते, जाडीही नसते. पोरं टक लावून फळ्याकडे बघत बसली.

"बाई, पर ह्यो तर हरभऱ्याएवढा हाय की," भागी म्हणाली. भागी म्हणजे नऊ-दहा वर्षांची पोर, आणि तिच्या शंका कधी संपायच्या नाहीत.

बिंदू गुंडाळला आणि रेषेवर आले. दोन बिंदू घेतले की त्यांतून एकच सरळ रेषा जाते, आणि रेषेला शेवट नसतो, ती दोन्हीकडे जातच राहते, असं मी ठणकावून सांगितलं. फळा संपल्यावर ती कुठं जाते, असं भागीनं विचारलंच. मी म्हणाले, भिंतीतून पलीकडे... झालं! अख्खा वर्ग उठून भिंतीमागे बघायला पळाला.

मग मीही हसत बाहेर गेले. भात निघालं होतं, खाचरं मोकळी पडली होती. पटांगणात कारवीच्या दोन काठ्या रोवल्या आणि पोरांना युक्ती दाखवली... एक डोळा मिटून बघायचं, पुढच्या सगळ्या काठ्या पहिल्या काठीमागे लपल्या की रेषा सरळ. पोरांना हा खेळ इतका आवडला, की काठ्या लांबून दिसाव्यात म्हणून भागीनं त्यांना तांबड्या चिंध्याही बांधल्या.

मधल्या सुट्टीत मी भाकरी खायला खोलीवर गेले. परत येते तर शाळेत चिटपाखरू नाही... आणि काठ्यांची रांग पटांगण सोडून, खाचरं ओलांडून, थेट टेकडीवर चढलेली! टेकडीच्या पलीकडे धरणाचं पाणी.

एवढ्यात वाडीतली माणसं तरातरा आली. सगळ्यांत पुढे भागीचे आजोबा, धोंडिबाआबा. आपल्या खाचरातून उपटलेली एक काठी त्यांच्या हातात होती.

"बाई, मोजनीवाले कुटं हायेत? आता हितनं बी उठवनार का आमाला?"

मला काही कळेना. मग कोणीतरी सांगितलं... आबांचं मूळ गाव धरणाच्या पाण्याखाली गेलेलं. आबा तरुण असताना त्यांच्या शेतात एके दिवशी अशाच काठ्या दिसल्या होत्या, चिंध्यांच्या निशाणांसकट. पुढे घर गेलं, जमीन गेली.

"अहो आबा, ही मोजणी नाही, भूमिती आहे," मी म्हणाले खरी, पण माझं कोण ऐकतंय! "ह्या बाईनंच पुन्यास्नं मोजनी आनली. उद्यापासनं पोरं धाडू नगा साळंत," मागून आवाज आला. माझ्या तोंडचं पाणीच पळालं.

आणि तेवढ्यात टेकडीवरून आमच्या पोरांची वरात आरडाओरडा करत खाली आली. पुढे भागी, केस विस्कटलेले, धापा टाकत.

"बाई! काट्या संपल्या... पर रेघ न्हाई संपली!"

कोणीतरी फसकन हसलं. काय झालंय ते भागीला कळायला वेळ लागला नाही. तिनं आबांच्या हातातली काठी घेतली, त्यांना खाचरात नेलं, काठी होती तिथं रोवली आणि त्यांना वाकायला लावलं.

"येक डोळा मीट, आबा. मोजनी न्हाई ही, नुसती रेघ हाय. कुनाचं काय घेत न्हाई ती."

आबांनी मुकाट्यानं डोळा मिटला. काठ्यांमागे काठ्या लपल्या. त्यांचा चेहरा हळूहळू सैल पडला, मागची माणसंही एकेक डोळा मिटून बघायला लागली, आणि मी हुश्श केलं.

आबा मात्र वाकलेलेच. "ही म्होरं पान्यात बी जाती?"

"जाती की," भागी म्हणाली.

मग आबांनी माझ्याकडे बघितलं. "बाई, जरा डावीकडं वळवता यील का? आमचं गाव तिकडं व्हतं."

रेषा वळत नाही, हे मीच सकाळी शिकवलं होतं... "वळवता नाही येणार, आबा. पण दोन बिंदू कुठले घ्यायचे, ते आपण ठरवायचं. रेषा त्यांतूनच जाते."

दुसऱ्या दिवशी अख्खी शाळा आबांच्या दारात भरली. पहिली काठी आबांनी स्वतः अंगणात रोवली, ती कालचीच. दुसरी, गावाच्या दिशेनं त्यांनी बोट दाखवलं तिथं. बाकीच्या काठ्या पोरांनी नाचत-ओरडत टेकडी ओलांडून थेट पाण्याच्या काठापर्यंत नेल्या, आणि तिथं काठ्या पुन्हा संपल्या.

आबा काठावर एक डोळा मिटून उभे राहिले. "दिसतंय का, आबा?" भागीनं विचारलं.

"दिसतंय की," आबा हसून म्हणाले. "लई सरळ वाट हाय."

परवा नातीला बिंदू आणि रेषा समजावताना हे सगळं आठवलं. पुढे कितीतरी वर्षं मी भूमिती शिकवली, पण असा तास पुन्हा झाला नाही. ज्या गावाला जायला वाटच उरली नव्हती, तिथवर त्या पोरीनं रेघ नेली... भागी, जिथे असशील तिथे, तुझ्या बाईंकडून थँक यू गं!