भिंतीकडे वळलेला वाडगा

आमच्या शिगाराकीत, जपानातल्या या कुंभारगावात, भट्टी उघडली की किनुयोबाईंच्या हातात हातोडा असतो. बिघडलेलं भांडं त्या तिथंच फोडतात. सुनेचं म्हणून गय नाही. सून मित्सुहोनं आपल्या पहिल्या वाडग्यावर नेच्याचं पान कोरलं, पण भट्टीत रचताना ती बाजू आगीऐवजी भिंतीकडे गेली. पान काळवंडलं, आगीकडे आलेल्या कोऱ्या पाठीवर मात्र उडालेली लाकडाची राख वितळून शेवाळासारखी हिरवीगार ओघळली.

“फोडून टाका, आई,” मित्सुहो रडवेली झाली.

“गप गं! ही पाठ आहे होय?”

पाहुण्याला चहा देताना वाडग्याची देखणी बाजू त्याच्याकडे करायची, ही आमची रीत. किनुयोबाईंनी त्याच वाडग्यात हिरव्या पुडीचा चहा घुसळला आणि शेवाळाची बाजू सुनेकडे करून ठेवला.

“घे. आणि रडून त्यात मीठ घालू नकोस.”