धोका पहिला: मिरचीचा ठसका

तो कागद मी भरला होता, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढचं सगळं मी फार साळसूदपणे सांगतोय असं वाटेल. एकतीस प्रश्न होते आणि एकतीसही ठिकाणी मी ‘होय’ लिहिलं. डोक्यावर पंखा होता, हातात चहा होता. उंटावरून शेळ्या हाकायला तेवढं पुरतं.

मी स्वप्नील, दोंडाईच्यातल्या ‘अन्नछाया’ सेवा मंडळाचा कारकून. पहिल्या लॉकडाऊनमध्ये मंडळाने जेवणाचे डबे सुरू केले. दवाखान्याबाहेर बसलेले नातेवाईक, घरात अडकून पडलेली म्हातारी माणसं, कोणाचं तरी बंद पडलेलं हॉटेल आणि त्यातले भांडी घासणारे परप्रांतीय, असे रोजचे चारशे डबे. दुसरी लाट आली तेव्हा डबे तेवढेच होते, फक्त मागणारे रोज बदलत होते. आणि ते डबे भरणाऱ्या बारा बायकांच्या मुख्य होत्या प्रमिलाअक्का.

अक्का तेव्हा सत्तावन्न वर्षांच्या. सासर तापीकाठच्या खेड्यातलं, शेतीचं. नवऱ्याबरोबर गावात आल्या आणि वीस वर्षं मिरचीच्या गोडाऊनमध्ये देठ खुडायला बसल्या. हात ताकात बुडवून आग शमवायची आणि संध्याकाळी त्याच हातांनी भाकरी थापायची, असा तो दिनक्रम. बोलताना त्या समोरच्याकडे बघत नसत, हातातल्या कामाकडे बघत. कोणी फार रुबाब केला की म्हणत, “वीस वरीस मिरच्या खुड्यात. माले आते काही झोंबत नही.” एरवीही चांगले चांगले पदाधिकारी त्यांच्यासमोर आवाज खाली आणून बोलायचे.

स्वयंपाकाला जागा मिळाली होती तीही मिरचीच्या गोडाऊनमध्येच. एका व्यापाऱ्याने मनापासून दिलेली. पुढे एक शटर, वर दोन झरोके, आणि कबुतरं येतात म्हणून त्या झरोक्यांना ठोकलेले पत्रे. शटरही अर्धं खाली ओढलेलं, कारण उघडं दिसलं की दारात गर्दी व्हायची. मिरची कधीच विकली गेली होती, पण तिची भुकटी भिंतींत, फरशीच्या फटींत, पोत्यांच्या थप्प्यांमागे बसलेली होती. गॅसच्या दोन भट्ट्या पेटल्या, भिंती तापल्या, की दुपारी बारा बायकांपैकी सात-आठ जणी खोकत, शिंकत, डोळे पुसत असायच्या. बाहेरच्या माणसाला नवल वाटायचं. आम्हाला नाही. दोंडाईच्यात मिरचीने खोकणाऱ्याला कोणी आजारी म्हणत नाही, ‘लागली का?’ म्हणून हसतात.

रोज सकाळी मी दारात रजिस्टर घेऊन बसायचो. कपाळावर ते तापमानाचं पिस्तूल धरायचं आणि नावापुढे लिहायचं, ‘लक्षणे नाहीत’. खोकल्याचा रकाना होता. पण सगळ्याच खोकतात म्हटल्यावर तो रकाना भरायचा कसा? मी सगळीकडे एकच तिरपी रेघ मारायला लागलो.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोकिळा खोकायला लागली. बत्तीस वर्षांची, पोळ्या लाटण्यात सगळ्यांत चपळ, अक्कांच्या शेजारी बसणारी. पहिल्या दिवशी बायका हसल्या. दुसऱ्या दिवशी अक्कांनी तिच्या पाठीवरून हात फिरवला, गुळाचा खडा दिला. “पानी पी पोरी. मिरचीना ठसका शे, दुसरं काही नही.” तिसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कोकिळा दुपारी जेवली नाही, चव नाही म्हणाली, आणि मी रजिस्टरात रेघ मारलेली होतीच.

चौथ्या दिवशी ती आली नाही. पाचव्या दिवशी कळलं, धुळ्याला ऑक्सिजनवर आहे. आणखी दोघी तपासणीत बाधित निघाल्या. त्यांचं घरी निभावलं.

स्वयंपाकघर चार दिवस बंद राहिलं. फवारणी झाली, आणि नेमका तेव्हाच नरडाण्याच्या एका कारखान्याचा निरोप आला. ते धान्याची गाडी द्यायला तयार होते, महिनाभराचा तांदूळ, डाळ, तेल. अट एकच: काम करणाऱ्यांच्या सुरक्षेचं, धोक्यांचं मूल्यांकन करून पाठवा, आणि त्यावर काम करणाऱ्यांपैकी एकाची सही हवी. त्यांनी नमुन्याचा कागदही पाठवला. तोच तो, एकतीस प्रश्नांचा.

आमचे अध्यक्ष पितांबर नाना. निवृत्त मुख्याध्यापक, सरळ माणूस, पण नीटनेटकेपणाचा भारी सोस. मी भरलेला कागद त्यांनी चष्मा वर करून पाहिला, “छान” म्हणाले आणि मला अक्कांकडे पिटाळलं. “सही घेऊन ये. संध्याकाळपर्यंत जायला हवा.”

अक्का चौथी शिकलेल्या. पण त्यांनी कागद हातात घेतला नाही. मला गोडाऊनमध्ये नेलं, मधोमध उभं केलं आणि म्हणाल्या, “अठे उभा राही आन वाच.”

मी वाचायला लागलो. “कामाच्या ठिकाणी हवा खेळती आहे का? होय.”

“कोठे शे? माले दखाड.”

मी वर झरोक्यांकडे पाहिलं. पत्रे होते.

“पुढे वाच.”

“दोन कामगारांमध्ये सहा फूट अंतर राखले जाते का? होय.” त्यांनी पायाने परातीभोवती एक गोल दाखवला. एका परातीत चौघी कणीक मळायच्या, गुडघ्याला गुडघा लावून. वरण-बट्टीच्या जेवणातल्या बट्टीचं पीठ तसंच मळतात आमच्याकडे, गावजेवणात वर्षानुवर्षं तसंच. ते अंगवळणी इतकं पडलेलं की त्यात धोका म्हणून काही दिसतच नव्हतं, मलाही नाही, त्यांनाही नाही.

“आजारी कामगाराला लक्षणे दिसताच वेगळे केले जाते का?”

“काय लिखं तू?”

 मला लाज वाटली. कागद हातात होता आणि कोकिळा धुळ्याला होती.

“सही करनार नही,” अक्का म्हणाल्या.

नाना स्वतः आले. अक्कांनी त्यांना सरळ सांगितलं, चूल बाहेर आणू द्या, मंडळाच्या कार्यालयापुढच्या अंगणात, वर हिरवी जाळी बांधून. परात चौघींत एक नको, दोघींत एक. दोन पाळ्या करा. जी खोकली ती त्या दिवशी घरी, आणि तिची हजेरी लागेल.

नानांचा चेहरा पडला. त्या अंगणात मंडळाच्या पन्नास वर्षांच्या सोहळ्यासाठी नवे पेव्हर ब्लॉक बसवले होते. सोहळा लॉकडाऊनने गिळला, ब्लॉक मात्र चकचकीत राहिले होते. नाना रोज सकाळी स्वतः उभे राहून ते झाडून घ्यायचे. “तिथे चूल? अक्का, काळं कुट्ट होईल सगळं.” मग त्यांनी खरं हत्यार काढलं. “हे बघा, सही झाली नाही तर गाडी येणार नाही. चारशे माणसं उपाशी राहतील. ते पाप कोणाच्या माथी?”

अक्कांनी रिकामी परात उचलली आणि पदराने पुसायला घेतली.  ज्यांच्यासाठी त्या पहाटे पाचला उठत होत्या त्याच माणसांची भूक त्यांच्यासमोर ठेवली होती. मला नानांचा राग आला आणि नाना खोटं बोलत नाहीत म्हणून आणखी आला.

परात खाली ठेवून अक्का म्हणाल्या, “नाना, चारशे जेवाडा म्हनीसन बारा माराना का? तुमी पोरंसले शिकाडं. हाई गनित तुमले जमस, माले नही जमत.”

नाना निघून गेले. अक्कांनी मला कोरा कागद काढायला लावला. त्या गोडाऊनमध्ये चालत होत्या आणि सांगत होत्या, मी मागोमाग लिहीत होतो.

“लिख. धोका पहिला. प्रमिलाबाईने कोकिळाच्या खोकल्याला मिरची म्हटलं. तीन दिवस.”

मी पेन थांबवलं. “अक्का, हे कशाला? तुमच्या अंगावर येईल.”

“अंगवरच लेवानं शे. लिख.”

मी लिहिलं. दुसरा धोका माझा निघाला: स्वप्नीलने रजिस्टरात न विचारता रेघ मारली. तिसरा पत्र्यांचा, चौथा परातीचा, पाचवा शटरचा. सहावा: अंगणातली फरशी काळी होईल ही भीती. त्यापुढे अक्का म्हणाल्या, “हाऊ धोका कोना शे, तेबी लिख.” मी ‘अध्यक्ष’ असं लिहिलं आणि माझ्या नोकरीला मनातल्या मनात रामराम केला. एकूण चौदा झाले. खाली अक्कांची सही, मोठ्या मोठ्या अक्षरांत. मग आलेल्या आठ बायकांच्या सह्या आणि अंगठे. मी सगळ्यांत शेवटी केली.

नानांनी तो कागद शेवटच्या सहीपर्यंत वाचला. “हा पाठवलास तर गाडी विसर.” मी म्हटलं, “नाना, दुसरा पाठवायचा तर त्यावर सही नाही.” त्यांच्यासमोरच मी फोनने फोटो काढला आणि कारखान्याला पाठवून दिला. 

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आठ बायकांनी अंगणात विटा मांडल्या. वाऱ्यावर गॅस टिकेना म्हणून लाकडाची चूल, नव्याकोऱ्या ब्लॉकवर. नाना स्कूटरवरून आले, उतरले नाहीत, एक पाय जमिनीला टेकवून बघत राहिले. अक्का चुलीत फुंकर घालत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

कारखान्याकडून तीन दिवस काहीच कळलं नाही. तांदूळ संपला होता. बायकांनी घराघरांतून ज्वारीचं, उडीद घातलेलं कळण्याचं पीठ आणलं. एप्रिलचं ऊन, जाळीखाली चूल, मास्क घामाने चिकटलेला, आणि दोन पाळ्यांत भाकऱ्या. पहिल्या दिवशी दोनशे दहा डबे गेले, दुसऱ्या दिवशी दोनशे साठ. भाकरी, ठेचा, कांदा. बाकीच्यांना आम्ही नाही म्हणालो. ते नाही म्हणताना अक्का स्वतः फाटकाशी उभ्या राहायच्या, दुसऱ्या कोणाला उभं करायच्या नाहीत. एका म्हाताऱ्याने त्यांना शिव्या घातल्या. त्यांनी ऐकून घेतल्या.

तिसऱ्या दिवशी दुपारी धुळ्याहून फोन आला. कोकिळा गेली होती.

अक्कांनी हातातली भाकरी तव्यावर टाकली, उलटली, शेकली, डब्यात ठेवली. मग त्या उठून भिंतीशी जाऊन बसल्या आणि मोठ्याने रडल्या. आम्ही सगळेच रडलो, सहा सहा फुटांवर. जवळ घ्यायची सोय नव्हती.

चौथ्या दिवशी गाडी आली. सोबत कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचं दोन ओळींचं पत्र होतं: जाळी अपुरी पडत असेल तर मंडप पाठवतो, आणि झरोक्यांचे पत्रे काढलेत का ते कळवा. नानांनी पत्र वाचलं आणि शिडी मागवली. पत्रे त्यांनी उभं राहून काढून घेतले, हेही सांगायला हवं.

त्या संध्याकाळी नाना अक्कांजवळ आले. हातात तो चौदा धोक्यांचा कागद होता. फार हळू आवाजात म्हणाले, “अक्का, आता ती गेली. ही पहिली ओळ आपण खोडू. कागद फायलीत राहतो, लोक वाचतात. तुम्हाला जन्मभर टोचत राहील. मी सांगतो, तुमचा दोष नव्हता.”

“दोष व्हता,” अक्का म्हणाल्या. “आन टोचू द्या. ती ओय खोडशात, त मंग दुसरी कोकिळा मरी.”

तो कागद फायलीत गेला नाही. काचेत बसवून अंगणातल्या खांबाला लावला आहे. येणारे-जाणारे वाचतात, कोणी हसतात, कोणी आणखी पुढे वाचतात. सोहळा पुढे झाला तेव्हा कोणीतरी तो तेवढ्यापुरता काढा म्हणालं. अक्का खांबाला पाठ लावून सोहळा संपेपर्यंत उभ्या राहिल्या. चुलीखालचे ब्लॉक काळे आहेत ते आहेतच.

डबे अजून चालतात, आता दीडशेच्या आसपास, आणि स्वयंपाक अंगणातच होतो. परवा, या थंडीतली गोष्ट. गावात मिरचीचा हंगाम, हवेतच तिखट. मी डब्यांची यादी घेऊन चुलीजवळ गेलो आणि खोकलो. एकदा, मग पुन्हा. बायकांचे हात थांबले. लाटणी जागच्या जागी राहिली.

“काही नाही अक्का,” मी डोळे पुसत म्हणालो, “मिरची लागली.”

अक्कांनी पळी खाली ठेवली आणि पहिल्यांदाच काम सोडून सरळ माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“मीबी हाईच म्हनं व्हतं,” त्या म्हणाल्या.

मी यादी तिथेच ठेवली आणि दवाखान्यात तपासून घ्यायला निघालो.