चावडीचे खांब

आमच्या गावची जुनी चावडी पाडून तिथंच सभागृह बांधलं. चावडीत मधोमध चार लाकडी खांब होते. पुरुष खांबांच्या पुढे बसत, बायका मागे. नव्या सभागृहात एकही खांब नाही. तरी परवा ग्रामसभेत पाहिलं, तर पुढची सतरंजी अर्धी रिकामी आणि बायका मागे भिंतीशी दाटीवाटीनं बसलेल्या.

"वहिनी, पुढे या की, जागा आहे," मी शेजारच्या वहिनींना म्हटलं.

"इथंच बरं आहे, भाऊजी."

चावडी पाडायला दोनच दिवस लागले होते.

तेवढ्यात त्यांची सून आली. यंदाच लग्न होऊन आलेली. तिनं चावडी कधी पाहिलीच नव्हती. दारात क्षणभर थांबली, रिकाम्या सतरंजीकडे पाहिलं, आणि नसलेल्या खांबाला वळसा घालून मागे जाऊन बसली.