सोन्याचा आवाज

परवा कचेरीच्या दारातलं तपासणीचं यंत्र माझ्यावर टींटीं ओरडलं आणि मला आंधळगावचं आमचं अंगण आठवलं. एका वर्षी रोवण्यात, म्हणजे धानाच्या लावणीत, बायकोचं कानातलं चिखलात गेलं होतं. धान निघाल्यावर ते शोधायला धाकट्या बहिणीचा नवरा, आमचे जावई, मेटल डिटेक्टर घेऊन आले आणि आधी मला अंगणात शिकवू लागले. यंत्र मी फवारणीच्या पंपासारखं धरलं. माझ्याच चपलेच्या खिळ्यावर ते घुरघुरलं, तर मी "गवसलं!" म्हणून उडी मारली. जावई हसून म्हणाले, "दादा, हा त लोखंडाचा आवाज. आंगठी काढून खाली ठेवा, सोन्याचा आवाज आयका." लग्नात सासऱ्यांनी घातलेली अंगठी मी ऐटीत मातीवर ठेवली. यंत्र खिळ्यावर घुरघुरलं होतं तस्संच घुरघुरलं. जावयांनी शेजारी स्वतःची ठेवली, ती गोड वाजली. "वा रे तुह्या बापाचं सोनं! लोखंड देल्लं मले!" मी बायकोवर ओरडलो. तिचे डोळे भरले. तेव्हा ओसरीत पोपटाच्या, म्हणजे वालाच्या, शेंगा सोलत बसलेली आई मान वर न करता म्हणाली, "तिच्या बापाले कायले बोलून रायला? त्यानं खरीच देल्ली होती. पॉलिशले नेली ना मी, तीच तुह्या बहिणीच्या लग्नात जावयाले घातली अन् तुले तशीच दिसणारी आणली. जावई रुसला असता त? तू काय, घरचाच." जावयांनी आपली अंगठी झटकन उचलून बोटात घातली, आणि बायकोची माफी कोणत्या तोंडानं मागावी ते मला कळेना. आता आई नाही. पण कुणी लाडानं "तुम्ही तर घरचेच" म्हटलं की मी आधी माझी बोटं तपासून पाहतो.